दोनशे त्र्याहत्तर

"वाचायचं ते छापलेलं. लिहायचं ते हा सांगेल ते. मधे एक शब्द बोलायचा नाही. कळलं का?"

माने सर शमीमला सांगत होते. ते आमच्या कॉलेजचे प्राचार्य, आणि केमिस्ट्रीही तेच शिकवायचे.

"आणि ऐकू नाही आलं तर?" शमीमनं विचारलं.

"तर 'पुन्हा सांगा' म्हणायचं. तेवढंच. घोरपडे सर इथंच बसणार आहेत."

घोरपडे सर कोपऱ्यात बसले होते हे मला लवंगेच्या वासावरून आधीच कळलं होतं. ते इतिहास शिकवायचे आणि दिवसभर लवंग चघळायचे. आम्हाला बसवलं होतं जिमखान्याच्या खोलीत, कॅरमची पावडर आणि घामट चटया यांच्यात. बाकीची अकरावी वरच्या हॉलमध्ये पेपर लिहीत होती. मला दिसत नसल्यामुळे मी तोंडानं सांगणार आणि शमीम लिहिणार, अशी व्यवस्था होती. अशा लिहिणाऱ्याला सगळे रायटर म्हणतात. रायटर खालच्या इयत्तेतला लागतो आणि त्याला तो विषय येता कामा नये, असा नियम. शमीम तांबोळी नववीत होती.

"तुला केमिस्ट्रीतलं काही कळतं का गं?" माने सरांनी जाता जाता विचारलं.

"मला काय कळतंय सर, मी नववीत," ती म्हणाली.

सर गेले. त्या पेपरवर माझं काय अवलंबून होतं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

आमच्या विट्याकडची निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात. जुनं सोनंचांदी आटवून शुद्ध करायचं काम. त्यापायी कोण केरळात, कोण बंगालात, कोण पार आसामात. माझे आईवडील कोईमतूरला होते आणि मी विट्यात आत्तीकडं, शाळेसाठी. नववीत मला संध्याकाळनंतरचं दिसेनासं झालं. दहावीच्या दिवाळीपर्यंत दिवसाचंही गेलं. मिरजेच्या डॉक्टरांनी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बाजूला घेऊन काय ते सांगितलं. मला कुणी काही सांगितलं नाही, पण परतीच्या गाडीत आबा मला मोसंबी सोलून देत होते. आमचे आबा जन्मात कधी कुणाला मोसंबी सोलून देणारे नव्हेत, त्यावरून मी ओळखलं.

दहावी रायटर घेऊन पास झालो आणि सायन्सला जाणार म्हणून हटून बसलो. आबा म्हणाले, "आता कशाला पुस्तकांच्या नादाला लागतोस? इकडं ये. दुकानात गादीवर बस, फोन आला तर घे. दोन वेळचं जेवण कुठं जात नाही." माने सर म्हणाले, आर्ट्सला जा, तिथं आकृत्या नसतात. मी दोघांशीही भांडलो. शेवटी सरांनी एक वर्ष द्यायचं कबूल केलं. अकरावीला सगळे विषय पास झालो तर बारावी सायन्स, नाहीतर नाही. आणि मी शहाण्यानं आपल्याच तोंडानं वर सांगितलं, "सर, मला एकही ग्रेसचा मार्क नको." आबांनी ते ऐकलं आणि फोनवरून म्हणाले, "ठरलं तर मग. नापास झालास की मी येतो न्यायला."

तर असा तो पेपर होता. बाकीचे विषय निभावून गेले होते. केमिस्ट्रीतच माझं घोडं अडायचं, कारण आकृत्यांचे मार्क गेल्यातच जमा. राहता राहिली गणितं, आणि त्यातही वायूची. ती मात्र मला झोपेतून उठवून विचारली असती तरी आली असती.

ती का आवडायची तेही सांगतो. वायू कुणालाच दिसत नाही. माने सर वर्गात हात हलवून सांगायचे, "समजा, या भांड्यात ऑक्सिजन आहे," आणि सगळा वर्ग माझ्यासारखाच समजायला बसायचा. तिथं मी कुणाहून मागं नव्हतो. भांडं केवढं, त्यात वायू किती, तापमान किती आणि दाब किती, या चार गोष्टींतल्या तीन सांगा, चौथी काढून देतो. पीव्ही बरोबर एनआरटी. एवढ्या एका ओळीत सगळा कारभार. फक्त तापमानाचं एक पथ्य पाळायचं. आपण पाणी गोठतं तिथं शून्य धरतो, वायूचं शून्य त्याच्या कितीतरी खाली असतं. म्हणून सेल्सिअसमधे दोनशे त्र्याहत्तर मिळवायचे, त्याला केल्विन म्हणायचं, आणि मगच तो आकडा गणितात घालायचा. हे विसरला तो मेला.

आत्ती यंत्रमागावर कामाला जायची. विधवा बाई, स्वतःचं पोट आणि वर माझं. सकाळी भाकरी झाकून जायची ती अंधार पडल्यावर यायची. कॉलेज दुपारी सुटलं की मी ओट्यावर बसून असायचो. गल्लीतल्या मागांची खडखड सकाळपासून सुरू, त्यात माणसाचा आवाज शोधावा लागायचा. पूर्वीचे मित्र सुरुवातीला आले. काय बोलावं त्यांना कळेना, मलाही कळेना, मग यायचे थांबले. कुणी घरी आलंच तर आत्तीला विचारायचं, "याला चहा चालतो का?" मी समोर बसलेलो. आत्ती म्हणायची, "आरं, त्येला इचारा की. डोळं गेल्यात, कान हायत." लोक हसायचे आणि पुढचा प्रश्न पुन्हा तिलाच विचारायचे. घरी दुसरं कुणी नसलं की दुपारी गणितं डोक्यात सोडवायची आणि उत्तर स्वतःलाच सांगायचं. बरोबर आलं तरी कुणाला पत्ता नाही, चुकलं तरी नाही.

शमीम पलीकडच्या घरातली. तिचे वडील टेंपो चालवायचे. आत्तीनं तिच्या आईला गळ घातली, "पोरीला तासभर धाडत जा गं, ह्येला पुस्तक वाचून दाखवंल." अकरावीचं पुस्तक इंग्रजीत. शमीमचं इंग्रजी असं की 'मॉलिक्यूल' शब्दाला ती तीन ठिकाणी ठेच खायची. पहिल्या दिवशी मी वैतागलो.

"अगं, नीट वाच की."

"तुम्ही वाचा मग," ती म्हणाली आणि पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं.

असं कुणी माझ्याशी वर्षभरात बोललं नव्हतं. मला हसू फुटलं. तीही हसली आणि पुस्तक उचलून पुन्हा ठेचा खायला लागली.

ती वाचायची, मी सांगायचो, ती लिहायची. दिवाळीपर्यंत ठेचा संपल्या. पोरगी मोठी चौकस. लिहिता लिहिता थांबून विचारायची, हे असं का. एकदा आदर्श वायू म्हणजे काय ते मी तिला समजावलं. ज्याचे रेणू एकमेकांना ओढत नाहीत, ढकलत नाहीत, आपापल्या वाटेनं जातात, तो आदर्श वायू.

"म्हणजे शेजारी कोण आहे ते बघायचंसुद्धा नाही?"

"नाही."

"मग त्यात आदर्श काय?"

माने सरांना विचारीन म्हणालो, पण विचारलं नाही.

पुढं एकदा तिनं विचारलं, "दादा, हे तुम्ही दर वेळी दोनशे त्र्याहत्तर का मिळवता?" मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी गणित वाचताना ती म्हणाली, "तापमान तीनशे डिग्री."

"पुस्तकात काय आहे?"

"सत्तावीस. मी मिळवून टाकले. दर वेळी तुम्ही तेच करता, त्यात वेळ जातो."

"बरं. पण केल्विनला डिग्री म्हणत नाहीत."

"छापलंय डिग्री. मी छापलेलं वाचते."

"आणि मिळवलेले कुठं छापलेत?"

"ते माझे," ती म्हणाली.

त्या दिवसापासून ते काम तिचं झालं. ती आकडा सांगायची, मागं डिग्री म्हणायची, आणि मी तो तसाच गणितात घालायचो. हिवाळा गेला, उन्हाळा लागला, आम्ही पुस्तकातली सगळी गणितं संपवली आणि माने सरांनी दिलेलीही. मिळवायची माझी सवय गेली ती कधी गेली, हे मला कळलंही नाही. पुढं पुढं तर मी पहिली पायरी सांगायचो आणि पेन माझ्या पुढं पळायचं. मी मुद्दाम थांबलो तर ती उत्तर पुटपुटायची. मी ऐकलं नाही असं दाखवायचो, कारण ऐकलं म्हणालो असतो तर ती गप्प झाली असती.

ती घरी गेली की पुन्हा मागांची खडखड. पण उद्याला काहीतरी होतं एवढं नक्की.

आता जिमखान्याच्या खोलीत परत येतो.

पेपर बरा चालला होता. आकृत्या सोडून दिल्या. व्याख्या झाल्या, फरक झाले. मग ते पाच मार्कांचं गणित आलं. शमीमनं वाचलं, अगदी छापल्याप्रमाणं, तेही इंग्रजीत. मी मनात मराठी करून घेतलं. सहा पूर्णांक चार ग्रॅम ऑक्सिजन, आठ पूर्णांक एकवीस लिटरचं भांडं, तापमान दोनशे सत्तावीस डिग्री, दाब काढा.

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. हे तर आपलं घरचंच होतं.

"लिही," मी म्हणालो. "ऑक्सिजनचा रेणुभार बत्तीस. सहा पूर्णांक चार भागिले बत्तीस. एन बरोबर शून्य पूर्णांक दोन."

पेन पळालं.

"पी बरोबर एनआरटी भागिले व्ही. शून्य पूर्णांक दोन, गुणिले आर, गुणिले दोनशे सत्तावीस."

पेन थांबलं.

मला वाटलं, ओळ संपली असेल. मी पुढचा गुणाकार डोक्यात करून ठेवला. उत्तर जरा वेडंवाकडं येत होतं, पण म्हटलं येऊ दे. "लिहिलंस?"

"पुन्हा सांगा, दादा."

मी पुन्हा सांगितलं. शून्य पूर्णांक दोन, गुणिले आर, गुणिले दोनशे सत्तावीस. कागदावर काहीच वाजलं नाही.

"पुन्हा सांगा, दादा."

इतक्या महिन्यांत शमीमनं मला एकदाही पुन्हा सांगायला लावलं नव्हतं. काय चुकलं? बत्तीस बरोबर होते. भागाकार बरोबर. मग उरलं तापमान. दोनशे सत्तावीस. ते काम तिचं. पण आज तिनं वाचलं होतं छापलेलं. माने सरांनी दम देऊन सांगितलं होतं तसं, जसंच्या तसं. आणि मी गाढव, ती सांगेल तो आकडा मिळवलेलाच असणार असं धरून बसलो होतो.

"खोड," मी म्हणालो. "तापमान पाचशे. केल्विन."

पेन असं पळालं की कागद फाटतो की काय वाटलं. उत्तर आलं एक अॅटमॉस्फिअर, बरोबर एक. माने सर गणित काढताना आकडे असे जुळवूनच काढायचे.

लवंगेचा वास जवळ आला.

"काय रे जयसिंग," घोरपडे सर म्हणाले, "दोनशे सत्तावीस सांगत होतास, एकदम पाचशे कुठून आलं?"

"चूक लक्षात आली, सर."

"तिनं दोनदा पुन्हा सांगा म्हटल्यावर बरी लक्षात आली." मग आवाज तिच्याकडं वळला. "तू काही सुचवलंस का?"

"नाही सर," शमीम म्हणाली. "हात दुखला म्हणून थांबले."

"तुला येतं का यातलं काही?"

"मला? मला यातलं ओ की ठो कळत नाही, सर. ते बोलतात, मी नुसती लिहिते."

अगदी खणखणीत बोलली. कुणालाही खरं वाटावं असं. घोरपडे सरांनाही वाटलं असावं, किंवा वाटून घ्यायचं त्यांनी ठरवलं असावं. माणूस वाईट नव्हता. "बरं, चालू द्या मग," असं म्हणून ते वळले. त्यांच्या चपलांची करकर दोनचार पावलं लांब गेली.

सगळं निभावलं होतं. उत्तर बरोबर लिहिलं गेलं होतं. पुढचा प्रश्न घ्यायचा, एवढंच बाकी होतं.

"सर," मी म्हणालो, "तिला येतं."

चपला थांबल्या. शेजारून शमीमनं माझ्या पायावर पाय दिला, चांगला जोरात.

"जयसिंग," सर हळू आवाजात म्हणाले, "मी काही ऐकलं नाही. तू पेपर सोडव."

"तिला येतं सर. माझ्याएवढंच येतं. मी चुकलो होतो म्हणून ती थांबली."

"आरं बाबा, गप बसशील का जरा?" ते आता शुद्ध बोलायचंही विसरले होते.

"खरं आहे ते सांगतोय, सर."

मग त्यांचा नाइलाज झाला. त्यांनी शिपायाला पाठवून माने सरांना बोलावून घेतलं. माने सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग एकदम म्हणाले, "शमीम, सत्तावीस डिग्री सेल्सिअस."

"तीनशे," शमीम म्हणाली.

तिनं जीभ चावली असणार, पण आता चावून काय उपयोग. सर काही रागावले नाहीत. तिला म्हणाले, तू घरी जा. तिनं पेनाला टोपण लावलं आणि ती गेली. घोरपडे सर शेजारच्या शाळेत जाऊन नववीचा एक मुलगा घेऊन आले. तो 'ऑक्सिजन'सुद्धा सुटी अक्षरं विचारून लिहायचा. निम्मा पेपर राहिला. आणि ते पाच मार्कांचं गणित माने सरांनी माझ्यासमोर आडवी रेघ मारून रद्द केलं. रेघ मी ऐकली.

निकाल लागला. बाकी सगळ्यांत पास, केमिस्ट्रीत दोन मार्क कमी. सरांनी मला केबिनमधे बोलावून घेतलं. "ग्रेस देता येतो जयसिंग, तू फक्त माग," म्हणाले. मी मागितला नाही. मग त्यांनी विचारलं, "तू का बोललास रे? घोरपडे तुला वाचवायला बघत होता. मुलगी वाचवायला बघत होती. तुला काय हुक्की आली?" मी म्हणालो, नियम आहे ना सर. सर म्हणाले, "नियमाचं मला सांगू नकोस." मला वाटतं, त्यांना वाईट वाटलं होतं.

आत्तीनं मात्र तोंडसुख घेतलं. "लई हरिश्चंद्र लागून गेलास. आता जा तिकडं, बस फोनच्या डबड्याला कान लावून." आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडत बसली. मी ओट्यावरून ऐकत होतो. तिच्याही घरात मी गेल्यावर बोलायला कोण उरणार होतं.

आबा बोलल्याप्रमाणं न्यायला आले. मी कोईमतूरला गेलो आणि अजून तिथंच आहे. गादीवर बसतो, फोन घेतो, तमिळ बरं बोलतो. गावाकडचा कुणी नवीन पोरगा कामाला आला की विचारतो, शिक्षण किती हो शेठ? मी सांगतो, अकरावी सायन्स नापास. त्याला वाटतं मी चेष्टा करतोय. संध्याकाळी दुकान बंद झालं की खोलीवर येतो. रेडिओ आहे. लग्न झालं नाही, त्याबद्दल तक्रारही नाही. पण दिवसभर शंभर माणसांशी भाव आणि वजन बोलून खोलीचं कुलूप काढलं की आपण आज कुणाशीच बोललो नाही असं वाटतं. हे रोजचंच आहे. शमीम पुढं त्याच कॉलेजात सायन्सला गेली आणि आता सांगलीला मुलांना केमिस्ट्री शिकवते, असं आत्ती असेपर्यंत कळायचं.

जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ती आली होती. पेपरनंतर पहिल्यांदाच. ओट्याचा दगड तापलेला होता आणि मी त्यावर पोतं टाकून बसलो होतो. तिनं चप्पल काढली, लांब बसली.

"आबा आलेत ना?" ती म्हणाली.

"आलेत. उद्या सकाळची गाडी."

"मग झालं तुमच्या मनासारखं."

मी पोतं तिच्या बाजूला जरा सरकवलं.

"मी इतकं नीट सांगितलं होतं," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता, रागानंच. "हात दुखला म्हणाले. ओ की ठो कळत नाही म्हणाले. सरांना पटलं होतं. ते निघाले होते. तुम्हाला फक्त गप्प बसायचं होतं, दादा. तेवढंसुद्धा जमलं नाही तुम्हाला?"

"नाही जमलं."

"का पण? मी पाय दिला होता तुमच्या पायावर."

"कळलं होतं."

"मग? खोटं बोललं तर पाप लागतं म्हणून? ते मला लागलं असतं. तुम्हाला नव्हतं लागणार. तुम्ही कुठं काय बोलला होता? माझं मी बघितलं असतं की."

"तसं नाही गं."

"मग कसं? सांगा ना. वर्षभर घशाला कोरड पडेपर्यंत वाचलं मी. माझी परीक्षा असली तरी आले. अम्मी ओरडायची, तरी आले. आणि तुम्ही एका वाक्यात सगळं घालवलंत. निदान का ते तरी सांगा. मला सांगितल्याशिवाय नाही जायचं तुम्ही."

माने सरांना जे सांगता आलं नव्हतं ते तिला सांगावं लागलं. मलाही ते बोलतानाच कळत गेलं.

"तू म्हणालीस, मला यातलं काही कळत नाही, मी नुसती लिहिते," मी म्हणालो. "आणि सर हो म्हणाले. सगळ्यांना ते पटलं. तिथं मी पण गप्प बसलो असतो तर तेच खरं ठरलं असतं."

"ठरलं असतं तर ठरू द्यायचं. काय बिघडत होतं?"

"शमीम, तुला जर काहीच कळत नव्हतं," मी म्हणालो, "तर मग मी इतके महिने या ओट्यावर एकटाच बोलत होतो काय?"

गल्लीतले माग एकेक करून बंद झाले. आत्तीनं आतून जेवायला हाक मारली, तिच्या आईनं पलीकडून तिला मारली. मी ऐकत होतो. ती उठली नाही.